अर्थिंग

मल्हारने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला.
म्हणाला, मॅडम, तीन आहेत, पंधरा दिवस फुकट वापरायला,
इस्टिमेटसाठी कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा.
एकोणीस वर्षं मी नऱ्ह्याच्या या गाळ्यात
ड्रॉइंगवर पट्टी फिरवत आले.
दिव्याच्या पॉइंटला गुलाबी, पंख्याला हिरवा,
गीझरला केशरी हायलायटर.
मोजून संपलं की नकाशा रंगपंचमी खेळून आल्यासारखा.
आपल्या जागी कोण बसणार ते आपणच ठरवायचं,
असं मनात आलं. बोलले नाही.
मुलगा चांगला आहे.

पहिलं देखणं.
गोल आलेख, उभे आलेख, मागितलं तर फिरणारे आलेख.
पण लांबी फुटांत विचारतं, भिंत लाकडाची धरतं,
आणि विटेच्या भिंतीत झिरी मारायला
दस्तगीरला किती वेळ लागतो
हे त्याच्या गावीही नाही.

दुसऱ्याला तांब्याचा भाव रोज सकाळी कळतो,
तापकीर गल्लीतली शटरं उघडायच्या आधी.
दीड स्क्वेअरची नव्वद बंडलं टाकली
तर लगेच बेरीज, लगेच कर, लगेच पीडीएफ.
इतकं चटचट की मला माझ्या बोटांची लाज वाटली.
मल्हारला हेच हवं होतं,
त्याच्या डोलणाऱ्या मानेवरून कळत होतं.

तिसरं पोस्टातल्या फॉर्मसारखं. करडं.
एकेक पान उघडायला वेळ.

तिघांनाही मी मुद्दाम एकच काम दिलं.
उंड्रीची शाळा.

तीन मजले, चोवीस वर्ग, दोन प्रयोगशाळा.
आठ वर्षांपूर्वीचं टेंडर. सगळ्यांत खाली आमचाच आकडा,
पेढे आणले होते.
मग जानेवारीत, इन्स्पेक्शनच्या तोंडावर,
कोरेसाहेबांनी विचारलं,
अर्थिंग कुठल्या पानावर धरलंय?
फाइल चाळली. उलटी चाळली.
बारा खड्डे, तांब्याच्या प्लेटा, कोळसा, मीठ,
कुठल्याच पानावर नव्हतं.
सगळं पदरचं पुरलं आम्ही त्या मैदानात.
दस्तगीर गोणी ओतत होता
आणि मी, ज्यांचं मीठ खाल्लं
त्यांचं मीठ खड्ड्यात पडताना बघत होते.

कोरेसाहेब एवढंच म्हणाले, डबा खाल्लात का?
पुढच्या महिन्यात गाळ्यासमोरचा टेंपो दिसेनासा झाला.
सर्व्हिसिंगला दिलाय, म्हणाले.
अजून आलेला नाही.

तर ती शाळा मी जशीच्या तशी भरली,
तेव्हाच्या दरांनी, तेव्हाच्या चुकीसकट.
पहिल्याने हिरवी खूण केली, शाबास म्हटल्यासारखी.
दुसऱ्याने पीडीएफ दिली, वर आमचा लोगो.
तिसरं थांबलं.
चाक फिरत राहिलं, वाटलं बंद पडलं.
मग तळाशी एक पिवळी पट्टी:
अर्थिंग धरलेलं दिसत नाही. असंच ठेवायचं?
इंग्रजीतच होतं ते,
मी कोरेसाहेबांच्या आवाजात वाचलं.

बारा टाकले.
बेरीज दोन लाख साठ हजारांनी वर चढली
आणि त्या जुन्या यादीत आम्ही तिसरे आलो.
म्हणजे काम मिळालंच नसतं.
पेढे नाहीत, मीठ नाही,
टेंपो दारात.
कितीतरी वेळ मी तो आकडा सेव्ह केला नाही.

हे? मल्हार म्हणाला. सगळ्यांत हळू आहे हे.
म्हटलं, आहे.
रंगसुद्धा नाहीत, मॅडम.
म्हटलं, हायलायटर आहेत माझ्याकडे.
उंड्रीचं त्याला सांगितलं नाही.
तेव्हा तो बारावीत होता,
टेंपो शिकायचा म्हणून हट्ट धरून बसलेला.
वर्षाची फी विचारायला तो फोन लावत बाहेर गेला.

दारातून दस्तगीर ओरडला,
मॅडम, वारज्याच्या साइटला होल्डर किती देऊ?
मी पट्टी उचलली, मग ठेवली,
मग ड्रॉइंग उघडून
पुन्हा उचलली.