धबधब्याला पाणी आहे का

कापसाच्या बियाण्याचं रिकामं पाकीट.
चंदेरी बाजू शाई धरत नाही,
म्हणून कडेच्या कोऱ्या पट्टीत बारीक लिहिलं:
गौताळा. जाणारे तीन. जेवण घरचं.
पाणी
आणि तिथं पेन थांबला.

ज्ञानोबा म्हणाले, दोन कॅन घेऊ, वीस-वीस लिटरचे.
अहो, धबधब्याला चाललो ना आपण?
म्हणूनच तर. तिथं नसलं मग?

या घरात हा प्रश्न हसण्यावारी जात नाही.

जालन्यात आमच्या गल्लीला नळ येतो नवव्या दिवशी,
कंपनीची सुट्टी सातव्या.
प्रणालीनं वहीत लसावि काढला:
त्रेसष्ट दिवसांतून एकदाच, आई, दोन्ही एका दिवशी,
बाकीचे रविवार आपलेच!
आठवीतल्या लेकराला कोणी सांगावं
की नळाला लसावि येत नाही.
पाइप फुटला की अकरावा दिवस,
लाइट गेली की तेरावा,
आणि कधी कुणाला न विचारता सातव्याच दिवशी
पहाटे तीनला, चोरपावलांनी.

शेजारच्या हलिमाआपा म्हणाल्या, किल्ली ठेवून जा, मी भरते.
दुसऱ्या दिवशी भिंतीवरून डोकावल्या:
तळं पण आहे म्हणे? कमळं असतात का गं त्यात?
तिसऱ्या दिवशी त्यांचीच पिशवी शिवून तयार.
जाणारे चार.
भरणारं कोणी नाही.

पाकिटावर जागा उरेना, तर दुसरं घेतलं.
एसटीनं संभाजीनगर, मग कन्नड, पुढं जीप मिळाली तर जीप.
आधी तळं की आधी धबधबा, यावर बापलेकीचं भांडण.
मला मात्र एकच नाव धरून बसलेलं: सीतान्हाणी.
जंगलभर पसरलेली एक न्हाणी,
आणि आत गेलेल्या बाईला
बाहेरून कोणी म्हणत नाही, अर्धीच बादली हं.

चौकीवरच्या हरसिंगभाऊंचा नंबर कन्नडच्या मावसभावानं दिला.
रोज दुपारच्या सुट्टीत एवढंच विचारायची,
जशी वॉर्डातल्या व्हॉल्व्हवाल्याला विचारते:
भाऊ, पाणी आहे का?
सोमवारी म्हणाले, हाय की ताई, करंगळीएवढं.
बुधवारी, मनगटाएवढं. वरल्या अंगाला पडला वाटतं.
शुक्रवारी फोन लागलाच नाही
आणि मी पट्ट्यावर पाकिटं मोजताना दोनदा चुकले.
सुपरवायझर म्हणाला, काहून, घरी आजारी हाय का कोणी?

शनिवारी दिवस मावळताना त्यांचाच आला.
रेंजसाठी खडकावर चढलोय, ताई. आज इचारू नका. ऐका.
आणि फोन तिकडं धरला.

मी स्पीकर लावून ओट्यावर ठेवला.
आधी नुसती खरखर.
मग खरखरीच्या आतून,
कुणी उंचावरून बियाणं ओततंय, ओततंय,
आणि पोतं काही सरत नाही.

रात्रपाळीआधी डोळा लागलेले ज्ञानोबा
ताडकन उठले. नळ आला!
अंधारातच मोटारीचं बटण,
प्रणाली बादली घेऊन धावली,
भिंतीपलीकडं आपांचा हंडा खणकला,
आपांचा ऐकून आणखी पलीकडं कुणाचा तरी.

कोरड्या तोटीखाली ओळीनं आमची तीन भांडी.
ओट्यावर पाणी पडतच होतं.
हरसिंगभाऊ त्याच्यावरून ओरडत होते,
आलं का? ताई, आलं का ऐकू?

आलं, म्हटलं.
पुढं काय म्हणावं, सुचेना.
ज्ञानोबांच्या हातात रिकामी कळशी, तोंडावर झोप,
आणि ते फोनकडं असे बघत होते
की त्याची तोटी नेमकी कुठं.

उद्याचं अजून ठरलेलं नाही.
पाकिटावर, पाण्यापुढं, दोन कॅन लिहिलं.
खोडलं.
मग खोडलेल्याच्या वर, लहान अक्षरात: एक.