काना

मी पाहिलं, हे खरं.
पण दूध उतू चाललं होतं.

कॉव्हेन्ट्री, तिसरा मजला, फेब्रुवारी,
पाचलाच रस्त्यावरचे दिवे लागलेले.
खाली बसथांब्याशी पोलिसांची गाडी, दोन्ही दारं उघडी,
दोन पोलीस, मधे तफारा,
चिपोचा धाकटा,
लिफ्ट बंद असली की माझी तांदळाची पिशवी वर आणून देतो
आणि आत ये म्हटलं की लाजतो.
त्याचे हात वर होते. की एकच हात?
त्या हातात काही होतं. की हातमोजाच होता?
मागे फस्स झालं. मी वळले,
गॅस बंद केला, ओट्यावरून निथळणारं दूध
फडक्यानं एकदा पुसलं
(ते एकदा पुसणं मला फार महागात पडतंय)
आणि परत खिडकीशी आले तेव्हा
तो आडवा होता, गाल रस्त्याला,
एक बूट पायात, एक बसथांब्याखाली,
पाठीवर गुडघा रोवलेला पोलीस
दुसऱ्याकडे बघून काहीतरी ओरडत होता.

जिन्यात मॉरीन भेटली.
मी म्हटलं, "मारलं गं त्याला."
एवढंच. चपला पायात सरकवता सरकवता.
रात्रीपर्यंत माझं वाक्य चौकात पोचलं,
त्याच्या हातात मेणबत्ती आली, पुठ्ठ्याची पाटी आली,
कुणी त्याला दांडकं दिलं, कुणी रक्त लावलं,
सकाळी ते माझ्याच दारात आलं
आणि मला ओळखेना.

दुसरंही एक फिरत होतं, कोपऱ्यावरच्या पबमधून निघालेलं:
"उगाच कुणी कुणाला धरत नाही, केलंच असणार पोरानं काहीतरी."
ते तर कुठल्याच खिडकीशी नव्हतं.
जुनंच होतं ते, घड्या पडलेलं,
दर वेळी नाव बदलून वापरायचं.

आई म्हणायची, खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर:
कानानं ऐकलं ते सोड, डोळ्यानं पाहिलं ते धर.
आईच्या घराला दुहेरी काचा नव्हत्या.
इथे थंडी बाहेर राहावी म्हणून दोन काचा, मधे कोंडलेली हवा;
मी जे पाहिलं ते मुकं पाहिलं.
आधी कोण बोललं,
ते "थांब" म्हणाले का, हा "थांबलोय" म्हणाला का,
चार बोटं मी डोळ्यापासून कानाकडे नेऊन बघते.
तिथे नुसता फ्रीजचा आवाज.

मंगळवारी चौकशीची बाई आली, रोवेना का काय,
शांत, कोटावर मांजराचे केस.
तिनं विचारलं, पोरगा पडला, की पाडला?
तिच्या भाषेत ते दोन निराळे शब्द.
माझ्या मनात एकच, आणि शेजारी काना.
एक उभी रेघ. दांडक्याएवढी.
शाळेत काना द्यायचा राहिला तर बाई छडी द्यायच्या;
न पाहिलेला काना दिला तर काय करायच्या
ते कधी कळलं नाही.
मी म्हटलं, "मधली वीसेक सेकंदं माझ्याकडे नाहीत."
तिनं लिहून घेतलं.
कागदावर ते अर्ध्या ओळीत बसलं.

मॉरीन आता जिन्यात थांबत नाही.
म्हणते, तू कच खाल्लीस.
असेल. पोराचा जबडा तारेनं बांधलाय
आणि मी सेकंदं मोजतेय.
सगळं कळेपर्यंत थांबा, हे म्हणायलाही
आपलं पोर घरी जेवायला आलेलं असावं लागतं.
माझं आलं होतं. चहा राहिला होता त्याचा.

काल चिपो आली. उंबऱ्यावरच उभी, लेकासारखी.
कुणी मारलं, विचारलं नाही.
त्यानं काय केलं होतं, तेही नाही.
"त्यानं मला हाक मारली का?"
मी दोन काचांच्या आड होते, चिपो.
तोंड उघडलेलं दिसलं.
ती म्हणाली, "केवढं?"

माझा हात वर गेला, बोटं फाकली,
आणि किती फाकायची ते ठरेना.