उसवण

योनेझावात बर्फ वितळू लागला की
सासूबाई किमोनो बाहेर काढतात.
रेशमी किमोनो अख्खा धुवायचा नसतो,
टाका टाका सोडवत जायचं
त्याचा पुन्हा ताका होईपर्यंत.

कात्री माझ्याकडे. त्यांची बोटं वळत नाहीत आता,
नजर मात्र अजून नेढ्यातून पार जाते.
"ओढू नकोस गं तोमोए, रेशीम रुसतं."

शिवणीच्या आत जांभळा अजून कोवळा,
दुकानातून आणला त्या दिवशीचा.
बाहेर चाळीस वर्षांची उन्हं.

आणि कुशीच्या शिवणीवर
सुईच्या भोकांच्या तीन रांगा.
एक मूळची.
एक सैल केलेली, शुनसुके पोटात असताना.
तिसरी?

मी बोट ठेवते. त्या बघतात.
मग परातीत हात बुडवून म्हणतात,
"फार गार आहे. कोमट कर थोडं."

चोळायचं नाही, पिळायचं नाही.
समुद्री शेवाळाची पातळ खळ,
बांबूच्या काड्यांनी ताणलेले पट्टे
या खांबापासून त्या खांबापर्यंत.

संध्याकाळी वाळल्या पट्ट्यावर
त्या वाफ धरून बसतात,
बराच वेळ, एकाच जागी.

भोकं बुजतात वाफेनं, म्हणतात.
बहुतेक.