सहावा चमचा

पंचवीस वर्षांत एकही खाडा नाही
म्हणून कंपनीने दिलेला सहा चमच्यांचा सेट.
खोलगटात कंपनीचं नाव कोरलेलं,
घास घेताना जिभेला अक्षरं लागायची.
कंपनी बंद पडली.
खोक्यातली लाल मखमल झुरळांनी कुरतडली.
चमचे मी ग्राइंडरवर धरले.

दांडा छाटायचा. दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक.
एका कडीला तंगूस, दुसरीला तिकाटी गळ.
विमल दारात उभी राहून बघायची.
आता पाहुण्यांना साखर कशाने घालू, म्हणाली.
पाहुणे येतात कुठे, म्हणालो,
आणि ठिणग्या उडत होत्या म्हणून
तिच्याकडे बघायचं टाळता आलं.

मुकण्याचं धरण. मे महिना.
काठ इतका मागे सरलेला की होडीपर्यंत जाताना
चपला दोनदा चिखलात राहिल्या.
होडी उमाजी भोयाची, पत्र्याची, सांध्यांना डांबर.
वल्ह्यावर त्याची सून, सुंद्रा.
ती बोलते कमी. बोलली की वल्हं थांबवून बोलते.

बारा वाव तंगूस सोडला मागे.
पंक्चरवाल्याकडून आणलेलं चाकाचं शिसं
चमच्याला खाली घेऊन गेलं,
जिथे मे महिन्यातही पाणी गार असतं
आणि मोठे मासे दुपारची वाट बघत नाहीत.
"हळू," मी म्हणालो.
तिने वल्हं थांबवलं.
"भाऊ, हळू नाय. लंगडत.
चमचा लंगडला पायजे पाण्यात.
ताठ चालणाऱ्याला कुणी खात नाय."

माझा डावा कान प्रेसशॉपने नेला, उजवा अर्धा.
पण तंगूस बोटावर घेतला की ऐकू येतं.
थरथर, मग एक गचका, मग थरथर,
लेथवर टूल बिघडायच्या आधी
हँडलमधून हाताला कळायचं, तसं.
सुपरवायझर म्हणायचा, तुला कसं कळतं?
सांगता यायचं नाही. आत्ताही नाही.

पहिला चमचा बुडालेल्या बाभळीने घेतला.
दोन नंबरवर दीड किलोचा शिवडा आला होता,
विमलने त्याचं कालवण केलं आणि चमच्याचा विषय काढला नाही.
मधले कुठे गेले, आठवत नाही.
हा सहावा.

कावनईच्या मागे उजाडलं.
दोन फेऱ्या कोरड्या. सुंद्राने भाकरी सोडली,
कांदा गुडघ्यावर फोडला, अर्धा मला.
तोंडात घास असतानाच
बोटावरची थरथर थांबली.

थांबली, एवढंच.
मग रीळ होडीच्या तळावर उड्या मारायला लागलं.
तंगूस बोटात कापत गेला, कांद्याचं पाणी जखमेत,
सुंद्रा उलटं वल्हवतेय, काहीतरी ओरडतेय,
मला फक्त तिचं तोंड दिसतंय,
आणि होडी, पत्र्याची ती जड होडी,
हातभर, खरंच हातभर, मागे ओढली गेली.

मग ढील.

गोळा केला तंगूस, वाव वाव मोजत.
अकरा भरले.
"ओंडका असेल," मी म्हणालो.
वल्हं थांबलं.
"ओंडका पळत नाय, भाऊ. खडस हुती.
म्हातारी."

परत येताना स्कूटर अंबडवरून घातली.
कंपनीचं गेट, गेटावर पाटी,
पाटीवरची अक्षरं कुणीतरी भंगारात विकलेली,
खिळ्यांची भोकं तेवढी ओळीत.
वॉचमन त्रिभुवन हात हलवून काहीतरी बोलला.
मिळालं का, असंच असणार.
मी मान हलवली. हो की नाही, मलाही नीट नाही ठरवता आलं.
तिकडे बारा वाव खाली
एका जबड्याच्या कोपऱ्यात ते नाव चकाकत
दिवसपाळी, रातपाळी करत असेल.
खाडा नाही.

घरी विमलने चहात चिमटीने साखर घातली.
एकदा. दोनदा.
पुरे, मी म्हणालो बहुतेक.
तिने बोटाची पट्टी सोडून बघितली,
आणि तिसरी चिमूट घातली.