भाग क्रमांक एकोणीस

शाळा सुटली की मी सरकार बनते.
पिशवीत मतदारयादी, लाल पेन
आणि एक ओला रुमाल,
कारण वास्कोत या बाजूला दार ठोठावलं
की पेरांना कोळसा लागतो.

घर क्रमांक एकशे बारा. पियेदाद खिडकी पुसतेय.
सकाळीही पुसली होती.
नवऱ्याचं नाव ठेवू की काढू?
"ठेव गो. तारवावर आहे.
गेल्या मतदानाला सुएझात होता, त्याआधी ब्राझीलला.
मत त्यानं एकदाच दिलंय, लग्नाच्या आधी,
आणि तो माणूस पडला."

एकशे तेरा. यल्लव्वा सांगते, विजापूरकडेही नाव आहे.
सांगताना खाली बघते, चोरी पकडल्यागत.
दोन्हीकडे नाव, दोन्हीकडे नळ नाही.
मी पेनाचं टोपण काढते,
पुन्हा लावते.

एकशे चौदा नाही.
म्हणजे यादीत आहे, सहा मतदार, फोटोसकट.
जागेवर बंदराकडे जाणाऱ्या नव्या पुलाचा खांब,
त्यावर पांढऱ्या रंगात आकडा: ४१.
खांबाला विचारलं नाही, एवढंच.

खारीवाड्यात सगुण जाळं सांधतोय.
"बाय, तीन उमेदवार येऊन गेले.
तिघंही म्हणाले, कोळसा बंद करतो.
तिघांच्या मागून जी माणसं झेंडे घेऊन चालत होती
ती दुपारपाळीला धक्क्यावरच जातात.
माझा धाकटासुद्धा."
सुई थांबते.
"त्याचं नाव घाल. अठरा झाली.
जन्मदाखला भिजलाय थोडा, चालेल?"

चालेल, म्हणते. अक्षरं फुगलीत,
तारीख वाचता येते.

परतताना सड्याच्या चढावर दम लागतो, थांबते.
नकाशात मतदारसंघाची रेघ पाण्याशी संपते.
इथून बघितलं तर नाही संपत.
नांगरलेल्या जहाजांचे दिवे लागतात,
आणि ते गाव आपल्यापेक्षा मोठं दिसतं,
तिकडे वीज जात नाही.

रात्री नाक शिंकरते. काळं.
टेबलावर यादी. फोटो इतके गडद छापलेत
की सगळेच आत्ता पाळी संपवून आल्यासारखे.

साहेबांचा फोन:
"एकशे चौदाच्या शेऱ्यात 'खांब' काय लिहिलंय, मॅडम?
असा शेरा नसतो."

मी खोडते. लिहिते: स्थलांतरित. सहा वेळा.
मग समासात, पेन्सिलीनं, बारीक,
पुसता येईल इतकंच:
कुठं?