तीनशे ग्रॅम

विचारायचं काम माझं.
शापेकोच्या सरकारी इस्पितळात, रात्रपाळीला,
आयसीयूच्या बाजूची खोली:
दोन खुर्च्या, पाण्याचा जग,
न उघडणारी खिडकी.

इवोनेते पाळी अर्धी टाकून आली होती.
पायात कारखान्याचे पांढरे गमबूट,
केसांवर जाळी अजून तशीच.

एदिमार. सव्वीस. मोटारसायकल, ओलं वळण.
दोनदा तपासलं, दोन वेगळ्या डॉक्टरांनी.
छाती हलते आहे, पण ती यंत्र हलवतंय,
हे जमेल तितकं हळू सांगितलं
आणि गप्प बसले.
गप्प बसायचंही शिकवतात आम्हाला.

दुखेल का त्याला?
नाही.
ज्याला मिळेल तो पैसेवाला असेल?
म्हटलं, यादीत पैसा नसतो.
रक्तगट असतो, उंची, वजन,
कोण किती थकलंय ते.
मग विमानाचे पैसे कोण भरतं?
कुणीच नाही, म्हणाले,
आणि लगेच दुरुस्त केलं: सगळेच.
तुमच्या पगारातूनही जातात.

हसली नाही. ओठ तेवढे हलले:
म्हणजे पोरगाही माझा, भाडंही माझंच.

मग कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिली.

वीस वर्षं पट्ट्यावर उभी आहे मी, म्हणाली,
काळजांच्या. कोंबड्यांच्या.
एका पाळीत किती हजार जातात या बोटांखालून,
मोजायचं सोडलं.
रविवारी लोक सळईला लावून भाजतात.
त्याचं केवढं असेल?

मुठीएवढं.
तीनशे ग्रॅम, थोडं इकडेतिकडे.

तिनं तळवा उघडला,
हातमोज्याच्या शिवणीचा वळ होता त्यावर,
आणि जरासा खाली नेला,
काही ठेवल्यावर जातो तसा.
मग पेन मागितलं.

लोक म्हणतात, काळजावर दगड ठेवला बाईनं.
मी होते तिथं. दगड नव्हता.

चार तास. त्याहून जास्त ते थांबत नाही कुणासाठी.
बर्फाची पेटी, हवाई दलाचं लहानसं विमान,
धावपट्टीवर धुकं,
वैमानिकानं अर्धी ठेवलेली कॉफी,
कुरितिबात दोन चौकांतले सिग्नल हातानं अडवलेले.
तिकडे एक बाई, वय एक्केचाळीस.
एवढंच मला कळतं.
एवढंही इवोनेतेला सांगायचं नसतं.

आठ महिन्यांनी ओपीडीच्या रांगेत दिसली.
नंबर सदुसष्ट. मांडीवर छत्री.
त्या बाईबद्दल, किंवा बाप्याबद्दल,
एक अक्षर नाही.
म्हणाली, बदली मागून घेतली.
आता पंजांच्या पट्ट्यावर असते.
पेट्याच्या पेट्या चीनला जातात म्हणे,
काय करतात त्यांचं, देव जाणे.

मी तिचं मनगट धरलं,
घड्याळाकडे बघत ठोके मोजू लागले.
तिसाच्या आसपास कुठंतरी हुकले.
पुन्हा एकपासून.
ती काही बोलली नाही,
हात तसाच राहू दिला.