एकशे पासष्ट लिटर

कॉम्प्रेसर गेला त्या मे महिन्यात
मेकॅनिक म्हणाला, आता नवीनच घ्या.
नवीन आला नाही, जुना गेला नाही.
कन्नमवार नगरातल्या आमच्या दीड खोलीत
तो तसाच उभा राहिला भिंतीला पाठ लावून,
नोकरी सुटल्याचं घरी न सांगितलेल्या माणसासारखा.

आईने आत आधी कांदे ठेवले, मग गोधड्या.
एफ.वाय.ला गेलो तेव्हा मी
मधला एक कप्पा मागून घेतला.
पुढचे मागितले नाहीत.

देवशीभाईच्या रद्दीत पुस्तक किलोवर मिळतं.
गाइडांना वेगळा भाव, ती वर मांडून ठेवलेली.
बाकी सगळं तागडीत.
तिथेच कळलं, कवितासंग्रह किती हलका असतो.
निम्मं पान कोरं,
त्या कोरेपणाचे पैसे जवळजवळ लागतच नाहीत.
"ही तर हवा हाय," देवशीभाई म्हणतो
आणि अर्धा किलो भरायला वर एक पंचांग टाकतो.
पंचांगही ठेवलंय मी. वीस वर्षांपूर्वीचं.
त्यातली सगळी ग्रहणं सुटलेली आहेत.

किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर
एक कादंबरी तीन आठवडे पाहत होतो, तीन खंडांची.
अर्थशास्त्राच्या नोट्स हाताने उतरवल्या,
झेरॉक्सचे साठ रुपये वाचले, त्यात दुसरा खंड आला.
पहिला कुणीतरी आधीच नेला होता.
म्हणून ते दोघे भाऊ मला भांडलेलेच भेटले.
कशावरून, ते विचारायची सोय नाही.

आणि सुमती वि. रांगणेकर, ज्युनियर बी.ए., १९७१.
निळ्या शाईत नाव, आत पेन्सिल.
पान चाळीसवर समासात लिहिलंय : खोटं!
पान एक्कावन्नवर, बारीक अक्षरात : बरं, असेल.
मधली अकरा पानं मी चारदा वाचली,
तिला काय पटलं ते शोधत.
मला अजून खोटंच वाटतं.

शब्दकोश फ्रीझरमध्ये, बर्फाच्या ट्रेच्या जागी.
चरित्रं भाजीच्या खणात. दारात, बाटल्यांच्या ओळीत
नाटकं, सडपातळ असतात म्हणून.
अंड्यांच्या खळग्यांत खोडरबर, टोकयंत्र,
एका खळग्यात आईची एक कुडी, जोडीची हरवलेली.
दाराचं रबर अजून घट्ट आहे. वाळवी नाही, झुरळ नाही.
फक्त प्रत्येक पुस्तकाला किंचित
जुन्या कोथिंबिरीचा वास.

तळमजल्यावरची अल्फिया पहिली वर्गणीदार.
वर्गणी शून्य, पण वहीत सही घेतली.
"तुझ्या पुस्तकांना सर्दी होत नाही का रे?" म्हणाली
आणि जे नेलं ते सहा महिने झाले आणलं नाही.
तिथे दोन बोटांची फट आहे.
ती मी भरत नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. यातलं एकही
त्यांनी उघडलेलं नाही. पेपर वाचतात,
तोही मागून पुढे.
एका रात्री दुसऱ्या पाळीवरून आले,
न जेवताच फ्रिज भिंतीपासून ओढला.
मी पांघरुणातून पाहिलं, पक्कड, टेस्टर,
आणि वाटलं, विकला.
मनात पुस्तकं मोजली. कॉटखाली किती, माळ्यावर किती,
किती परत देवशीभाईकडे, वजनावर.

सकाळी दार उघडलं तर आत उजेड.
कॉम्प्रेसरची वायर कापून टाकलेली,
दिव्याची तेवढी ठेवलेली.
"बिल नाय येणार जास्त," बाबा म्हणाले,
आणि दाढी करत राहिले.

आता रात्री सगळे झोपले की
मी दार वीतभर उघडं ठेवून वाचतो.
उजेडाची एक पट्टी पानावर,
उरलेली बाबांच्या टाचेवर.
ते पाय आत ओढून घेतात.
झोपेतच, बहुधा.